डोळ्यातला तीळ आणि पुण्यातलं एक नेत्र रुग्णालय: पाचपैकी चार तारे

पाचातला एक तारा कापलाय, हा विषय सुरुवातीलाच काढते, म्हणजे पुढचं कौतुक वाचून कुणाला मी तिथल्या डॉक्टरांची मावशी वाटायला नको.

दारातच पाटी आहे, ‘पादत्राणे बाहेर काढावेत’. ‘काढावीत’ हवं. आत शिरलं की ‘महत्वाच्या सुचना’, म्हणजे दोन शब्दांत दोन चुका. जिन्यावर हातभर अक्षरांत ‘रूग्णांनी शांतता राखावी’. रुग्णातला ‘रु’ ऱ्हस्व असतो हे महाराष्ट्रातल्या बहुतेक रुग्णालयांना मान्य नाही, तेव्हा एकट्या यांनाच काय बोलायचं! तारा यासाठी कापलेला नाही. एवढ्यासाठी कापायचा तर माझ्याकडून आजवर कुणालाच तीनच्या वर काही मिळालं नसतं. कशासाठी कापला ते ओघात येईल.

मी सांगलीची. बत्तीस वर्षं मुद्रितशोधन केलं, अजून घरी बसून करते. लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल, दिवाळीच्या आधी एखादा अंक. सुताराला पटाशी तसे मला डोळे. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे आमच्या गावातल्या एका दवाखान्याबद्दल वाईट लिहायचंय आणि त्याचंही नाव देणार नाहीये. मापाला माप. पुण्यातलं ट्रस्टचं जुनं नेत्र रुग्णालय आहे, रेटिनाचा विभाग वेगळा आहे, एवढं पुरे.

सुरुवात चष्म्याच्या दुकानात झाली. डिसेंबरात नंबर बदलल्यासारखा वाटला म्हणून गेले, तर तिथे नवं यंत्र आलेलं. डोळ्यात औषध न घालता आतल्या पडद्याचा, म्हणजे रेटिनाचा, फोटो काढतं. फुकट होता म्हणून काढला. फुकटला नाही म्हणणं आमच्या घरात कुणाला जमलेलं नाही. उजवा डोळा ठीक. डाव्याचा फोटो स्क्रीनवर आला तो पिकल्या पपईच्या रंगाचा गोल, आणि त्यात खालच्या बाजूला राखाडी डाग. टीपकागदावर शाईचा थेंब पसरतो ना, तसा. यंत्राने आपणहून त्याभोवती तांबडी चौकट आखली. दुकानातला मुलगा म्हणाला, “काकू, डॉक्टरांना दाखवून घ्या. मशीन नुसतं दाखवतं, काय आहे ते त्याला सांगता येत नाही.” त्या पोराला मी आजही पूर्ण मार्क देते. जेवढं कळत होतं तेवढंच बोलला.

दवाखान्यातल्या डॉक्टरांना तेवढं जमलं नाही. चार मिनिटांत तपासणी झाली. ना सोनोग्राफी, ना कसलं माप. उठून दारापर्यंत आले, बाहेर सात-आठ माणसं बसलेली, आणि दाराला हात लावून उभ्याउभ्याच म्हणाले, “आत गाठ दिसतेय. कॅन्सरची असू शकते. पुण्या-मुंबईला जा. वेळ पडली तर डोळा काढावा लागतो, मनाची तयारी ठेवा.” बाकड्यावरच्या एका बाईने माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावला. मला त्या डॉक्टरांचा राग संशय घेतल्याचा नाही. संशय घ्यायलाच हवा होता, पुढे पाठवायलाच हवं होतं. राग उभ्याउभ्या सांगितल्याचा आहे, आणि मोजल्याशिवाय डोळा काढायच्या गोष्टी केल्याचा.

हातात दिलेल्या चिठ्ठीवर इंग्रजीत एकच ओळ होती. आधी प्रश्नचिन्ह, मग ‘कोरॉइडल मेलानोमा’, मग ‘डावा डोळा’. मेलानोमा म्हणजे रंगाच्या पेशींचा कॅन्सर. घरी आल्यावर मी ती किती वेळा वाचली असेल! दर वेळी नजर त्या प्रश्नचिन्हावर अडायची. बत्तीस वर्षांत प्रश्नचिन्ह शब्दाच्या आधी लावलेलं मी चूक म्हणून खोडत आले. हे खोडावं की शब्द खोडावा?

पुण्याची वेळ मिळाली अकरा दिवसांनी. ते अकरा दिवस मी काय केलं ते सांगितलं तर हसाल. रात्री आमचे हे झोपले की स्वयंपाकघरात दिवा लावून उजवा डोळा तळहाताने झाकायचा आणि डाव्याने प्रूफ वाचायचं. सगळं दिसायचं. अनुस्वार दिसायचे, जोडाक्षरातला अर्धा र दिसायचा, मजकुरात घुसलेली दोन स्पेस दिसायची. त्याने धीर यायच्या ऐवजी आणखी धसका बसायचा. इतकं नीट दिसतंय आणि आत ते आहे!

त्यातच हातात एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका होती. दोन वाचनं करून मी ‘छापायला हरकत नाही’ लिहून पाठवली. दुसऱ्या दिवशी डीटीपी करणाऱ्या मुलीचा फोन. “काकू, पान सतरा बघा ना. माजी मुख्याध्यापकांच्या नावाआधी कै. आलंय. सर तर प्रमुख पाहुणे आहेत!” जुन्या यादीतून नाव उचललं होतं, वरच्या कैलासवासींच्या रांगेतला ‘कै.’ खाली उतरला होता, आणि मी, मी, तो दोनदा वाचून सोडून दिला होता. चौऱ्याऐंशी वर्षांचे सर व्यासपीठावर बसून स्वतःच्या नावामागचं ‘कै.’ वाचताहेत, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि त्या अकरा दिवसांत पहिल्यांदा मला हसू आलं. मग रडू आलं. असो.

एसटीने आदल्या दिवशी स्वारगेटला उतरले (बायकांना अर्धं तिकीट, त्याबद्दल एसटीला वेगळा तारा). धनकवडीला वन्संकडे मुक्काम केला आणि सकाळी साडेआठला दोघी रुग्णालयात. केसपेपर १५० रुपये. टोकन क्रमांक ४१. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “आजी, तिकडे बसा.” मी एकोणसाठची आहे. वन्सं पासष्टच्या, त्यांना ‘मावशी’ म्हणाली. याची नोंद असावी.

पहिल्या तासात तीन टेबलं झाली. अक्षरांचा तक्ता, डोळ्याचं प्रेशर, मग एका ताईंनी सगळी जुनी कागदपत्रं वाचून घेतली. काय दिसतं, प्रकाशाचे झोत चमकतात का, डोळ्यांपुढे जाळी येते का, सरळ रेघ वाकडी दिसते का, घरात कुणाला कॅन्सर, अंगावर कुठला तीळ वाढला का. मग ड्रॉप. बाहुली मोठी करायचं औषध झोंबतं, आणि ते एकदा घालून भागत नाही. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक बाई येऊन “वर बघा” म्हणून घालून जाते. तिसऱ्या खेपेनंतर अक्षरांना कडा राहिल्या नाहीत. चष्मा लावूनही हातातलं टोकन वाचता येईना. ज्या बाईला रिकामं बसलं की औषधाच्या पुड्यावरचा मजकूरसुद्धा तपासायची सवय, तिला दीड तास वाचता न येणं म्हणजे काय, ते मुद्रितशोधकालाच कळेल. दूरची पाटी तेवढी दिसत होती. ‘रूग्णांनी शांतता राखावी’.

शांतता कसली! बाकावर आम्ही तिघं गाठवाले शेजारी शेजारी आलो होतो. माझ्या डावीकडे बारामतीचा तेरा-चौदा वर्षांचा मुलगा आणि त्याची आई. मुलाच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, बुबुळाला लागून, तपकिरी ठिपका. लहानपणापासून होता, पण वर्षभरात गडद झाला म्हणून आईच्या पोटात गोळा. उजवीकडे भोरकडचे एक आजोबा. त्यांना डाव्या डोळ्याने मधलं काही दिसेनासं झालेलं, आणि त्यांच्याही कागदावर कुणीतरी ‘ट्यूमर’ लिहून दिलेलं. दुपारपर्यंत तिघांचे निकाल आले. मुलाचा ठिपका म्हणजे पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणातला तीळ. हनुवटी टेकवायच्या यंत्रातून बघितल्यावर त्याच्या आत बारीक पारदर्शक फुगे दिसले आणि डॉक्टरांचा सूर बदलला, असं त्याची आई सांगत होती. असे फुगे सहसा साध्या तिळातच असतात, आणि वयात येताना तीळ गडद होणं नेहमीचंच. आजोबांच्या पडद्याखाली वयोमानाने रक्त साकळलं होतं. साकळलेलं रक्त आतून काळपट उंचवट्यासारखं दिसतं, गाठच वाटते. त्यांना इंजेक्शनं सांगितली. कॅन्सर आमच्या बाकावर कुणालाच नव्हता. त्या मुलाने मला त्याच्या डब्यातली चकली दिली.

आता खरं काम, आणि चार तारे ज्यासाठी दिले ते हे.

आधी आडवं झोपवून तपासलं. डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या. कपाळाला दिवा बांधलेला, हातात भिंग. “वर बघा, उजव्या खांद्याकडे, पायाकडे, नाकाकडे.” दिवा इतका प्रखर की डोळा मिटल्यावरही आत गुलाबी-हिरवं काहीतरी पोहत राहतं. दर दिशेला थांबून त्या शेजारच्या कागदावर रंगीत पेन्सिलीने काढत होत्या. हे मला फार आवडलं. एवढी यंत्रं असून बाई हाताने चित्र काढते!

मग ओसीटी. हिरव्या खुणेकडे बघत राहायचं, एक तांबडी रेघ वरून खाली सरकते, हात लावत नाहीत, काही टोचत नाही. पडद्याचा उभा छेद दिसतो, पानं चिकटवलेल्या पुस्तकाला कडेने बघावं तसा. मग मोठ्या कॅमेऱ्यातले फोटो. त्यात एक निळ्या प्रकाशातला, त्याला ऑटोफ्लुरोसन्स म्हणतात. शेवटी सोनोग्राफी. मिटलेल्या पापणीवर गार जेल आणि त्यावर पेनासारखी कांडी. मला वाटलं होतं डोळा दाबतील. दाबला नाही. सोनोग्राफी करणारा मुलगा दर मापाला आकडा मोठ्याने म्हणायचा आणि दुसरा लिहून घ्यायचा. एकच माप त्याने तीनदा घेतलं. मी विचारलं, “चुकलं का?” तर म्हणाला, “नाही, तिन्ही एकच यायला हवीत.” मूळ प्रतीशी ताडून पाहिल्याशिवाय मजकूर पुढे सोडायचा नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. हा मुलगा माझ्या बिरादरीतला निघाला.

डॉक्टरांनी दोन खुर्च्या ओढून आम्हाला बसवलं, मग स्वतः बसल्या, मग बोलल्या. हा क्रम लिहून ठेवावासा वाटला.

“काकू, तुमच्या डोळ्यात तीळ आहे.”

वन्संनी माझ्या तोंडाकडे बघितलं, तीळ कुठे दिसतोय म्हणून.

पडद्याच्या मागे रक्तवाहिन्यांचा एक थर असतो, कोरॉइड. त्यात रंगाच्या पेशी असतात, कातडीत असतात तशाच. कातडीवर त्या एका जागी गोळा झाल्या की आपण तीळ म्हणतो. डोळ्याच्या आत झाल्या तर डॉक्टर नीव्हस म्हणतात. गोऱ्या लोकांत हा बराच आढळतो. ऑस्ट्रेलियातल्या ब्लू माउंटन्स भागातल्या पाहणीत शंभरात सहा-सात जणांना सापडला. आपल्याकडे कमी, आणि डोळ्यातला मेलानोमा तर आपल्याकडे फारच विरळा. पण दिसायला दोघं चुलतभाऊ. रंग तोच, जागा तीच. म्हणून नजरेने ठरवायचं नाही, मोजायचं.

काय मोजायचं, तेही सांगितलं. फिलाडेल्फियाच्या विल्स आय हॉस्पिटलमध्ये कॅरल शील्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो तीळ वर्षानुवर्षं बघून धोक्याच्या खुणांची यादी केली आहे. डॉक्टर मंडळी ती आद्याक्षरांचं वाक्य करून पाठ करतात. माझ्या कागदावर त्यांनी एकेक खूण लिहिली आणि समोर माझं माप. जाडी दोन मिलिमीटरच्या वर आहे का? माझी १.१. व्यास पाचच्या वर? माझा ४. पडद्याखाली पाणी साठलंय का? ओसीटीत पाणी काळ्या फटीसारखं दिसलं असतं; फट नाही. नजर कमी झाली, चमक दिसते? नाही. डागावर नारिंगी रंगाची पूड दिसते का? ती निळ्या प्रकाशातल्या फोटोत उजळून निघते. माझ्या फोटोत उजळलं काही नाही. सोनोग्राफीत गाठ आतून पोकळ, काळी दिसते का? माझी भरीव, पांढरी. उलट माझ्या तिळावर पिवळसर दाणे होते, ड्रुसेन. “हे दाणे बसायला वर्षं लागतात. म्हणजे तीळ जुना आहे, शांत आहे. कदाचित तुम्ही प्रूफं वाचायला लागलात तेव्हापासून असेल.”

सहा प्रश्न, सहा ‘नाही’.

मी विचारलं, तुकडा काढून तपासायचा नाही का? कातडीचा काढतात ना. त्या म्हणाल्या, एवढ्या लहान, चपट्या तिळासाठी डोळ्यात सुई घालण्यात फायद्यापेक्षा धोका जास्त. इथे निदान मुख्यतः बघून, मोजून आणि काही महिन्यांनी पुन्हा मोजून होतं. हातात डाय, म्हणजे रंग, टोचून काढायचे फोटो? तेही विचारलं. “आज गरज नाही. उगाच पैसे आणि दोन दिवस पिवळी लघवी.” पैसे वाचवणारं वाक्य डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की मला आधी संशय येतो. या वेळी आला नाही.

मग मी ती चिठ्ठी पुढे केली. “तुम्ही लोक प्रश्नचिन्ह आधी का लावता हो? आमच्यात प्रश्न शेवटी येतो.”

त्या हसल्या. “आमच्यात आधीच येतो काकू. पुढच्या माणसाला उत्तर शोधायला पाठवायचं असतं ना.”

आणि माझ्या फाइलवर त्यांनी लिहिलं, ‘कोरॉइडल नीव्हस, डावा डोळा’. आधी काही नाही, नंतरही काही नाही.

डोळा काढायचं म्हणाले होते, तेही मी बोलून दाखवलं. त्यावर त्यांनी सांगितलेलं मुद्दाम लिहिते. समजा मेलानोमा असता, तरी लहान-मध्यम गाठीला डोळा काढणं हा एकमेव रस्ता नाही. कोटाच्या बटणाएवढी किरणोत्सारी चकती डोळ्याच्या बाहेरच्या भिंतीला गाठीच्या जागी टाके घालून लावतात, काही दिवसांनी काढून घेतात. अमेरिकेत मध्यम आकाराच्या गाठींवर मोठी तुलना झाली. अर्ध्यांचा डोळा काढला, अर्ध्यांना चकती लावली, आणि जगण्या-मरण्यात दोन्हीकडे फरक पडला नाही. रुथेनियम-१०६ची अशी चकती आता मुंबईला भाभा अणुसंशोधन केंद्रात बनते. मला हे अकरा दिवस आधी कुणी सांगायला हवं होतं.

पुतण्या पॅथॉलॉजी शिकतोय. त्याला हे सगळं फोनवर सांगितलं तर त्याने दोन-तीन जुने संशोधन निबंध धाडले, आणि बाहुल्या जाग्यावर आल्यावर मी ते वाचून काढले. १९६४ साली अमेरिकेत फेरी नावाच्या नेत्रतज्ज्ञांनी मेलानोमा समजून काढलेले ५२९ डोळे तपासले. त्यातल्या १०० डोळ्यांत मेलानोमा नव्हताच. शंभर माणसं! ती आकडेवारी वाचली आणि माझा हात आपोआप डाव्या पापणीवर गेला. पुढे कपाळाला बांधायचा तो इनडायरेक्ट दिवा, सोनोग्राफी हे सगळं रुळलं, आणि १९९०च्या एका मोठ्या अभ्यासात ही चूक अर्ध्या टक्क्याच्याही खाली आली होती. संशय मात्र अजून तितकाच येतो. फिलाडेल्फियाच्याच रुग्णालयात मेलानोमाच्या संशयावरून आलेल्या सुमारे १२,००० जणांपैकी १,७३९ जणांना दुसरंच काहीतरी निघालं, आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना माझ्यासारखा तीळ. बाकीच्यांत आमच्या भोरच्या आजोबांसारखी साकळलेली रक्तं, पडद्याचेच जन्मजात काळे चट्टे, रक्तवाहिन्यांच्या साध्या गाठी. म्हणजे फसवणाऱ्यांचीही एक मोठी यादी आहे.

तीळ निरुपद्रवी ठरला म्हणून विसरून जा, असं मात्र डॉक्टरांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं तेव्हा बजावलं. तिळाचा मेलानोमा होणं अगदी क्वचित. अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांसाठी मांडलेला हिशेब वर्षाला ८,८४५ तिळांमागे एक असा आहे. पण तो एक कुठला हे आधी कळत नाही, म्हणून चार महिन्यांनी एकदा फोटो, मग सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा, जन्मभर. मधेच चमक, जाळी, नजरेत खोट वाटली तर त्याच आठवड्यात. फोटोची रंगीत प्रत त्यांनी स्वतः मागवून दिली. “सांगलीत कुणाला दाखवलंत तर हा सोबत न्या. पहिला फोटो नसेल तर दुसऱ्याला अर्थ नाही.”

एकूण खर्च, ज्यांना हवा असतो त्यांच्यासाठी: केसपेपर १५०, ओसीटी १,१००, फोटो ६००, सोनोग्राफी ९००. दोन हजार सातशे पन्नास रुपये, आणि सकाळी साडेआठ ते दुपारी सव्वातीन.

आता तो तारा.

सगळं आटोपून बिलाच्या खिडकीपाशी फाइल मिळाली. मला तर काही वाचता येत नव्हतं. अक्षरं चिंब भिजल्यासारखी. पण न वाचता कागद घेणं माझ्या स्वभावात नाही. वन्संना भिंतीकडे घेतलं आणि म्हटलं, मोठ्याने वाचा, अक्षर न् अक्षर. जुन्या छापखान्यात एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचायचा आणि दुसरा प्रुफावर बोट ठेवून बसायचा, तसं. वन्संनी आयुष्यात पहिल्यांदा हे काम केलं आणि झकास केलं. फोटोचा कागद: ‘ओ एस’. ओसीटी: ‘ओ एस’. ओ एस म्हणजे डावा, हे सकाळीच विचारून ठेवलेलं. सोनोग्राफी: ‘ओ डी’.

“परत वाचा.”

“ओ डी.”

डी म्हणजे उजवा. मापं सगळी बरोबर, १.१ आणि ४, पण डोळा उजवा. तीनदा मोजणाऱ्या त्या पोराने आकडे ताडले होते, शीर्षक ताडलं नव्हतं. आम्ही सगळेच असे. मजकुरातली वेलांटी पकडतो आणि मथळ्यात कै. सोडतो.

मी खिडकीवर गेले. आधी “आजी, कॉम्प्युटरमधून आलंय ते” असं ऐकून घेतलं. मग मी म्हटलं, हाच कागद घेऊन सहा महिन्यांनी मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले आणि ते उजव्या डोळ्यात तीळ शोधत बसले तर? मुलगी उठली आणि आत गेली. दहा मिनिटांत स्वतः डॉक्टर बाहेर आल्या, जुना कागद आडवी रेघ मारून सही करून रद्द केला, नवा छापून दिला, नोंदवहीत चूक लिहून घेतली आणि सॉरी म्हणाल्या. सबबी सांगितल्या नाहीत. त्यामुळे एकच तारा गेला. दीड घालवायचा विचार होता.

बाकी किरकोळ. कॅन्टीनचा चहा पाणचट, उपमा बरा. औषध घातलेल्यांना बसायला खिडकीसमोरची रांग का देतात ते देव जाणे. दुपारचं ऊन थेट डोळ्यांत, सगळे तळहात कपाळाला लावून बसलेले, दुर्बिणीतून गलबत शोधणारे खलाशीच जणू. गॉगल न्या. सोबत माणूस न्या, आणि शक्यतो ज्याला वाचायला सांगितल्यावर राग येत नाही असं न्या. निदानाचा सारांश फक्त इंग्रजीत मिळतो. मराठीत चार ओळी दिल्या तर भोरच्या आजोबांना तो कागद कुणा भाचीपुतणीकडे घेऊन हिंडावं लागणार नाही. हे मी सूचनापेटीत लिहून टाकलं. सोबत पाट्यांमधल्या चुकांची यादीही टाकली, पाटीची जागा, चूक, दुरुस्ती, अशी तीन रकान्यांत.

मे महिन्यात दुसरी खेप झाली. तेच ड्रॉप, तीच तांबडी रेघ. डॉक्टरांनी स्क्रीनवर जानेवारीचा फोटो डावीकडे आणि मेचा उजवीकडे ठेवला, मग एक दुसऱ्यावर सरकवला. रक्तवाहिनीवर रक्तवाहिनी बसली, दाण्यावर दाणा, कडेवर कड. मी खुर्ची पुढे ओढून स्वतः बघितलं. पहिलं प्रूफ आणि दुसरं प्रूफ, दोन्हींत फरक शून्य. जाडी १.१. पुढची तारीख नोव्हेंबरची. फाइलमध्ये या वेळी डोळा डावाच होता, तीनही कागदांवर, मी निघण्याआधी वन्संकडून वाचवून घेतलं. त्या आता न सांगताच सुरुवात करतात.

बाहेर पडताना चप्पल घालायला वाकले तर दारातल्या पाटीवर कुणीतरी काळ्या मार्करने ‘वेत’ खोडून वर ‘वीत’ लिहिलं होतं. ‘सुचना’ तशीच आहे. जिन्यावरचा ‘रूग्ण’ही तसाच.